बॅगपाइपवर खरंच बंदी होती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागातल्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर इंग्रजांनी बॅगपाइपवर बंदी घातली हे खरं का, आणि हे वाद्य फक्त लष्करी संचलनापुरतंच आहे का.

बंदीची गोष्ट स्कॉटलंडमध्ये गाईडसुद्धा रंगवून सांगतात. पण १७४६च्या कायद्यात शस्त्रं आणि हायलंडचा पोशाख यांवर बंदी होती, पाइपचा उल्लेखच नव्हता. गैरसमजाला खतपाणी मिळालं ते बंडात सामील असलेल्या जेम्स रीडच्या खटल्यामुळे. 'मी पाइपर, हातात शस्त्र नव्हतं,' असा त्याचा बचाव होता. यॉर्कच्या न्यायालयाने म्हटलं, हायलंडची पलटण पाइपरशिवाय कूच करत नाही, म्हणजे पाइप हे युद्धाचंच साधन. त्याला फाशी झाली.

पाइपरांचं खरं नुकसान झालं ते आश्रय गेल्यामुळे. कुळप्रमुखाच्या पदरी पिढीजात पाइपर असे. स्कायच्या बेटावरचं मॅक्रिमन घराणं डनवेगनच्या मॅक्लाउड कुळाकडे होतं, आणि बोररेग या गावी त्यांच्याकडे शिकायला दुरून शिष्य येत. रिचर्ड वेटने १७१४ मध्ये ग्रांट कुळाच्या पाइपरचं चित्र काढलंय, ते जरूर शोधून बघा. त्याचा रुबाब नोकराचा वाटतच नाही. पुढे कुळप्रमुख नुसते जमीनदार झाले आणि पाइपर पोसण्याची गरज संपली. मग त्यांना जागा मिळाली ती ब्रिटिश पलटणींत. १८९७ मध्ये आताच्या पाकिस्तानातल्या तिराहच्या दर्गई टेकडीवर पाइपर फिंडलेटरच्या पायांत गोळ्या लागल्या, तरी तो बसल्या जागी वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या मनातलं लष्करी चित्र इथलं. भारतीय सैन्यातले पाइप बँडही त्याच वाटेने आले.

पण संचलनाच्या धुना म्हणजे 'क्योल बेग', लहान संगीत. मोठं संगीत वेगळं, 'पीब्रोख'. त्यात आधी संथ 'उर्लार', म्हणजे जमीन, मूळ धून. मग तिच्यावर एकेक विस्तार, बोटं अधिकाधिक गुंतत जातात, आणि शेवटी पुन्हा उर्लार. ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटू नये. स्वर नऊच. खालच्या षड्जापासून धरलं तर थेट खमाज थाट, शिवाय खाली एक कोमल निषाद, आणि मागे तंबोऱ्यासारखे तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरणाऱ्या नळ्या, अखंड. पिशवीमुळे आवाज तोडता येत नाही, जोर कमीजास्त करता येत नाही. त्यामुळे तोच स्वर दोनदा घ्यायचा तर मध्ये कणस्वर, म्हणजे निसटता छोटा स्वर, हवाच. नवख्याला जी नुसती किरकिर वाटते, त्यात सगळी करामत या कणांची असते.

आणि हे शिकवायचे तोंडी! 'हिहारिन' असे अक्षरांचे बोल गाऊन, तबल्याच्या बोलांसारखे. त्याला 'काउंटरख्त' म्हणतात. नोटेशन नंतर आलं. अँगस मॅके, जो १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पहिला पाइपर झाला, त्याने १८३८ मध्ये पीब्रोखचा संग्रह छापला.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर बँड बाजूला ठेवा. एकट्या पाइपरचं एखादं शोकगीत निवडा आणि पहिली दोन-तीन मिनिटं कंटाळा आला तरी बंद करू नका.