रजिस्टर बंद करण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात स्टोअर आणि खरेदी दोन्ही तुझ्या गळ्यात पडलंय, आणि मालकांना एक तारखेपासून रजिस्टरऐवजी सॉफ्टवेअर हवंय. त्याच महिन्यात पोलादी बार पुरवणारी पार्टीही बदलायची म्हणतोस. दोन्ही एकदम करू नकोस. साठा जुळला नाही तर चूक सॉफ्टवेअरमधली की नव्या पार्टीच्या काट्याची, हे कळणारच नाही. आधी सॉफ्टवेअर. एक महिनाअखेर जुळली की मग पार्टी.

सगळ्यात जास्त घोळ किलो आणि नगात होतो. बार किलोत येतो, मशीनवर नगात संपतो. 25 मिमीचा गोल बार घे. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 3.86 किलो. नग 80 मिमीचा असला तरी 3 मिमी कापात जातात. नगाला 83 मिमी, म्हणजे 320 ग्रॅम धर. कुणी ड्रॉइंग बघून 309 भरले, तर हजार नगांमागे साडेअकरा किलो बार स्क्रीनवर दिसत राहतो, रॅकवर नसतो. सहा मीटरच्या बारमधून 72 नग निघून 24 मिमीचा तुकडा उरतो. करवतीच्या पकडीला तेवढा पुरत नसेल तर 71च धर. तुकडा भंगारात टाकताना त्याचंही वजन चढव.

साठ्याच्या मोजणीच्या दिवशी इनवर्ड म्हणजे माल आत घेणं बंद, इश्यू म्हणजे माल देणं बंद. तरी तीन ठिकाणचा माल हमखास सुटतो: गेटवर आलेला पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) न झालेला, सातपूरला प्लेटिंगला, म्हणजे मुलामा द्यायला गेलेला, आणि लाल खोक्यातला रिजेक्ट. प्लेटिंगवाल्याकडून शिल्लक लेखी घे आणि माल पाठवतानाच्या आपल्या चलनांशी ताड. जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेर काम करून घ्यायला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवल्या दिवसापासून विक्री धरला जातो. विसरलेली जुनी चलनं याच वेळी सापडतील.

रजिस्टर दोन आठवडे सोबत चालू दे, त्याहून जास्त नको. नाहीतर लोक तेच खरं मानतात. रात्रपाळीत स्लिपशिवाय माल उचलला जातो, म्हणून स्लिपांची पेटी सकाळी सर्वांत आधी उघड. रोज दहा आयटम मोज. फरक आला की लगेच अ‍ॅडजस्टमेंट मारून स्क्रीनवरचा आकडा जुळवायचा मोह होईल. कारण सापडेपर्यंत हात आवर.

आता पार्टी. रोज 400 नग म्हणजे 128 किलो. जुनी पार्टी पाच दिवसांत माल देते. दोन दिवसांचा राखीव धरून साठा 900 किलोवर आला की ऑर्डर टाकणं बरोबर होतं. कळंबोलीची नवी पार्टी नऊ दिवस घेणार असेल तर तोच आकडा 1,410 वर न्यावा लागेल. 900च ठेवलास तर माल सातव्या दिवशी संपेल आणि दोन दिवस मशीन उभं. पावसाळ्यात वाटेतला कसारा घाट अडतो, 2027 मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या आठवड्यांचा राखीव वेगळा वाढव.

दर कमी मिळाला म्हणून पहिलीच ऑर्डर पाच टनांची देऊ नकोस. एक टन मागव, टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या घाणीचा क्रमांक) बारवरच्या खुणेशी ताड, आणि वजन आपल्या काट्यावर कर. जुन्या पीओतली (खरेदी ऑर्डरमधली) बाकी क्वांटिटी मात्र त्याच दिवशी क्लोज कर. ती उघडी राहिली तर सॉफ्टवेअर दोन टन वाटेवर आहेत असं समजतं आणि नवी ऑर्डर सुचवतच नाही.

पहिल्या मोजणीचा तक्ता पाठव, तफावतीसकट.

तुझा हितचिंतक