बोस्टनच्या लोकांनी १७७३ मध्ये चहा समुद्रात फेकला तो महागला होता म्हणून का?

नाही, उलट त्या वर्षीच्या नव्या कायद्यामुळे चहा स्वस्त पडणार होता. राग होता तो कराचा आणि मक्तेदारीचा. ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपल्याकडची तीच) कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चिनी चहा पडून होता. ब्रिटिश संसदेने तिला तो मोजक्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींत, विकायची मुभा दिली. लंडनमधल्या जकातीचा परतावा मिळणार, पण अमेरिकेत पौंडभर (वजनाच्या) चहावर ३ पेन्सचा जुना आयात कर, टाऊनशेंड कर, मात्र कायम. संसदेत आपला एकही प्रतिनिधी नसताना तिने आपल्यावर कर लावायचाच कसा, हे वसाहतवाल्यांचं भांडण १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून (छापील कागदपत्रांवरचा कर) धुमसत होतं. आता स्वस्त चहा घेणं म्हणजे तो हक्क मुकाट मान्य करणं. त्यात बोस्टनच्या अडत्यांत खुद्द तिथल्या वसाहतीचा गव्हर्नर हचिन्सन याचे दोन मुलगे! कर भरल्याशिवाय चहाची जहाजं परत सोडायला हचिन्सन तयार नव्हता. शेवटी कर भरायची मुदत संपत आली त्या रात्री, १६ डिसेंबरला, ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. मात्र सगळं तत्त्वासाठीच होतं असं समजू नका: डच चहा चोरून आणणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदाही या स्वस्ताईने बसणार होता. आणि वसाहतींचाच नेता बेंजामिन फ्रँकलिन, त्याला तर ही नासधूस पटलीच नव्हती, कंपनीला भरपाई द्यावी असं त्याचं मत होतं.