दिलं की सोडायचं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

शिष्यवृत्तीच्या ट्रस्टच्या नियमांचा तुझा मसुदा मिळाला. मुलं बारा आणि अटी एकोणीस! दर सहा महिन्यांनी अहवाल, विषय बदलायचा झाल्यास विश्वस्तांची लेखी परवानगी, वार्षिक समारंभाला हजेरी, प्रत्येक कामावर आजोबांचं नाव. सोबत स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरहून लिहिलेलं लांबलचक पत्रही आहे. त्यात एका परिच्छेदात म्हणतेस, आपल्याकडच्या कापसावर या लोकांनी एवढी संग्रहालयं उभी केली, मग आपण का नाही? आणि पुढच्याच परिच्छेदात विचारतेस, शेतकऱ्याच्या मालावर कमावलेला पैसा दान करायचा आपल्याला अधिकार तरी आहे का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या ओढाताणीत तू जो मसुदा केलास तो चुकलेला आहे.

तिथल्या राइनहार्ट भावांच्या संग्रहातली चित्रं बघून आलीस, आता त्यांची देण्याची पद्धत बघ. चार भाऊ, पैसा एकाच पेढीचा, पण प्रत्येकाचा हात वेगळा.

पेढी तुला माहीत आहे. १ फेब्रुवारी १८५१ ला सालोमोन आणि योहान गेओर्ग या व्होल्कार्ट बंधूंनी विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच दुकान मांडलं. त्यांच्या स्वतःच्या गिरण्या नव्हत्या. इथली रुई घ्यायची आणि युरोपातल्या गिरण्यांना पुरवायची, हा धंदा. दहा वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या रुईला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईत पेढ्या धडाधड कोसळल्या. ही टिकली. पुढे खामगावपर्यंत तिचं ठाणं झालं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या जिनपासून, सरकी काढायच्या कारखान्यापासून, फार लांब नाही. व्होल्कार्टांच्या घरातल्या मुलीशी लग्न केलेला थेओडोर राइनहार्ट, या चार भावांचा बाप, धंद्यात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळा कारभार राइनहार्टांच्या हातात गेला. १९५४ मध्ये याच पेढीने टाटा सन्सबरोबर व्होल्टास काढली. तुमच्या ऑफिसात गारवा देणाऱ्या यंत्रावर ते नाव आहे, कधी वर मान करून वाचलं असशील तर.

थेओडोरचं देणं व्यापाऱ्याचं होतं. कार्ल होफर नावाच्या तरुण चित्रकाराला त्याने वर्षानुवर्षं पोसलं, १९१० आणि १९११ मध्ये हिंदुस्थानात यायचा खर्च दिला. बदल्यात चित्रं घ्यायची, असा करार होता. मी त्याला नावं ठेवणार नाही. तो सौदा होता आणि त्याला सौदाच म्हटलेलं होतं. तुझा मसुदाही सौदाच आहे, फक्त वर शिष्यवृत्ती लिहिलं आहेस.

आता त्याचा मुलगा वेर्नर. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं जास्तच बोलणार आहे. हा स्वतः हौशी क्लॅरिनेटवादक. १९१८ साली, युद्ध चालू असताना, रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की स्वित्झर्लंडमध्ये पैशाच्या चणचणीत होता. सैनिकाच्या गोष्टीवरचं त्याचं छोटं संगीतनाट्य रंगमंचावर आणायला वेर्नरने पैसे दिले. २८ सप्टेंबरला लोझानला पहिला प्रयोग झाला. मग फ्लूची साथ आली आणि ठरलेला दौरा रद्द. एवढा खर्च आणि एक प्रयोग! तुझ्या अर्जात ‘अपेक्षित परिणाम’ आणि ‘प्रत्यक्ष साध्य’ असे दोन रकाने आहेत. ऑक्टोबर १९१८ मध्ये वेर्नरने दुसऱ्या रकान्यात काय भरलं असतं, सांग. ती रचना आज जगभर वाजते. पण ती आज वाजते म्हणून मी वेर्नरची बाजू घेत नाहीये. वाजली नसती तरी त्याने केलं ते बरोबरच होतं. दिलं की सोडायचं.

म्यूझोटची गोष्ट तर तू तिथल्या तिथे ऐकली असशील. रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीच्या दुइनो शोकगीतांची सुरुवात १९१२ ची, आणि ती दहा वर्षं अडकून पडली होती. वेर्नरने व्हाले या स्विस प्रांतातला म्यूझोटचा जुना दगडी मनोरा आधी भाड्याने घेतला. वीज नाही, पण एकांत भरपूर. कवीला सांगितलं, राहा. फेब्रुवारी १९२२ मध्ये काही आठवड्यांत शोकगीतं पुरी झाली, वर ऑर्फियसची पंचावन्न सुनीतंही आली. त्याच वर्षी वेर्नरने मनोरा विकतच घेतला आणि रिल्केला तो अखेरपर्यंत राहायला मिळाला. तुझ्या नियमांप्रमाणे त्या कवीचं अनुदान दुसऱ्याच सहामाहीत बंद झालं असतं. अहवालात तो काय लिहिणार होता? “या काळात गुलाब लावले, पत्रं लिहिली, कविता आली नाही.”

आणखी एक सांगतो, मग वेर्नरला सोडतो. ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्नचं संगीत नाझींनी बाद ठरवलेलं होतं. ऑस्ट्रियात त्याला कुणी वाजवत नव्हतं. ३ मार्च १९४३ ला वाद्यवृंद-संचालक शेर्खेनने विंटरथूरमध्ये वेबर्नच्या वाद्यवृंदासाठीच्या एका रचनेचा पहिला प्रयोग केला. रचना वेर्नरला अर्पण केलेली. वेबर्न स्वतः ऐकायला आला होता. त्या काळात अशा माणसाला बोलावून समोर बसवण्यात जाहिरात कसली आणि नफा कसला!

आता वेर्नरचा भाऊ ऑस्कर, कारण तुझा मसुदा त्याच्याच वळणाचा आहे. १९२४ मध्ये धंद्यातून बाहेर पडला आणि आयुष्यभर चित्रं जमवली. एक संग्रह १९५१ मध्ये शहरात खुला केला. राहत्या घरातला, रोमरहोल्ट्झमधला, १९५८ मध्ये देशाच्या नावे केला. देणं मोठंच, त्याबद्दल वाद नाही. पण अट अशी की इथली चित्रं बाहेर उसनी द्यायची नाहीत. १९६५ मध्ये तो गेला, आणि ती चित्रं देशाबाहेर पहिल्यांदा लंडनला प्रदर्शनासाठी गेली २०२५ मध्ये, तीही घराची दुरुस्ती चालू होती म्हणून. तू लिहितेस, त्या अटीमुळेच संग्रह अभंग राहिला, त्याच्या घराचा सूर टिकला. मान्य. त्या खोल्यांमध्ये उभं राहून तुला रडू आलं, तेही मान्य. पण साठ वर्षं एक मेलेला माणूस ठरवत होता की सेझानचं चित्र कुठल्या भिंतीवर राहील. गाय दान केली आणि दावं आपल्याच हातात ठेवलं. दिलं की सोडायचं, मुली.

मी एवढा चिडून का लिहितो, ते तुझ्या बाबांना ठाऊक आहे, तुला नसेल. माझं कॉलेज शिष्यवृत्तीवर झालं. संस्थेचं नाव राहू दे. दर वर्षी आम्हा मुलांना स्टेजवर रांगेत उभं करून नारळ आणि पाकीट द्यायचे, एकाने आभाराचं भाषण करायचं. माझा आवाज खणखणीत, म्हणून ते बहुधा माझ्याच वाट्याला यायचं. त्याचं मला काही वाटत नाही. सलतं ते दुसरंच. वाणिज्य शाखा सोडून मला इतिहासाकडे जायचं होतं. नियमात बसत नव्हतं. विषय बदलला की पैसे बंद. घरची परिस्थिती अशी की तो धोका पत्करणं शक्यच नव्हतं. हिशेबनीस झालो, चांगला झालो, लोकांच्या गाठींचे हिशेब आयुष्यभर चोख ठेवले. आणि राइनहार्टांचा इतिहास आता म्हातारपणी, चष्म्याचा नंबर वाढल्यावर वाचतो आहे. त्या संस्थेने माझं भलं केलं, हे मी नाकारत नाही. पण तिने मला जे दिलं ते कधीच माझं झालं नाही.

म्हणून मी निवृत्तीनंतर जे थोडंफार मुलांना देतो, त्याचा कागद करत नाही. आमच्या कॉलनीत मला भोळा म्हणतात. एक मुलगा बासरी शिकायला पैसे घेऊन गेला आणि त्याने मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बरं, मग? दुकान चालतं. माझ्याकडून पैसे घेतले म्हणून त्याने जन्मभर बेसूर बासरी वाजवायची का? तुझी काकू म्हणते, तुम्ही तत्त्वाच्या नावाखाली आळस करता, मुलांची चौकशी करायला जायला नको म्हणून. थोडं तसंही असेल. पण चौकशी न केल्यामुळे तीन मुलं आजही नुसती गप्पा मारायला येतात. अहवाल द्यायला लागले असते तर आली नसती, हे मी छातीठोक सांगतो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो जास्त अवघड आहे. हो, तो पैसा कापूस पिकवणाऱ्याच्या घामातून आला. व्होल्कार्टांचाही, तुझ्या आजोबांचाही. हर्रासाच्या दिवशी ओल धरून भाव कापला जायचा, ते मी काट्याजवळ बसून लिहिलेलं आहे. व्हऱ्हाडातल्या रुईच्या पैशातून उभी राहिलेली संग्रहालयं विंटरथूरला आहेत, हे तुला खटकलं, खटकायलाच हवं. पण म्हणून पैसा बँकेत ठेवून हात धुवायचे, हे मला पटत नाही. तो तुझा पूर्ण कधीच नव्हता, एवढं ध्यानात आलं असेल तर अटी घालायचा हक्क तुला आणखीच कमी आहे. ज्याच्या मालावर जिन चालली, त्याच्या नातीने कथ्थक शिकावं की वेल्डिंग, हे ठरवणारी तू कोण? दिलं की सोडायचं, आणि इथे तर दुप्पट सोडायचं.

आता कामाचं. कलम तीन ते चौदा काढून टाक. बँक खातं, ऑडिट आणि विश्वस्तांनी आपल्याच नातेवाइकांना पैसे देऊ नयेत, ही कलमं ठेव. त्या अटी देणाऱ्यावर आहेत, घेणाऱ्यावर नाहीत. ‘मुलं कापूस पिकवणाऱ्या घरातली असावीत’ हे पंधरावं कलम ठेवलंस तर माझी हरकत नाही, उलट तेच पहिलं कर. मुलं निवडायला खामगाव–शेगाव भागातली एखादी शिक्षिका घे, मुंबईचा कलासमीक्षक नको. आजोबांच्या नावाची पाटी ट्रस्टच्या ऑफिसवर लाव, मुलांच्या कामावर नको. समारंभ रद्द. आजीला वाईट वाटेल, तिला मी फोन करतो.

वकिलाकडे जायच्या आधी नवा मसुदा मला पाठव. दोन पानांच्या वर असेल तर उघडणार नाही.

तुझा,
काका