मुंबई इंग्रजांना आंदणात मिळाली, तर प्रत्यक्ष ताबा मिळायला साडेतीन वर्षे का लागली?

कारण करार लंडन आणि लिस्बनमध्ये झाला होता, मुलूख मात्र गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या हातात होता.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाच्या जून 1661 च्या तहात मुंबईचे ‘बंदर आणि बेट’ देण्याचे कलम होते. पण त्या बेटात माहीम येते की नाही, याचा खुलासा झालेला नव्हता, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच होती. सप्टेंबर 1662 मध्ये इंग्रज आरमार येथे पोहोचले, तेव्हा कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारण्यात आला. मुंबईचा गव्हर्नर म्हणून नेमलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खितपत पडले, आणि 1664 मध्ये तो तिथेच वारला. मग त्याच्या नावाचे अधिकारपत्र त्याचा सचिव हंफ्री कुक याला चालते का, हा नवा प्रश्न उभा राहिला.

अखेर पोर्तुगीज रयतेची मालमत्ता आणि कॅथलिक धर्म सुरक्षित ठेवण्यासारख्या जाचक अटी मान्य करून कुकने 18 फेब्रुवारी 1665 रोजी ताबा घेतला. माती आणि दगड हातात घेऊन, बुरुजांवर चालून त्याने तो विधी पूर्ण केला. टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आवारात ती जागा आजही आहे. इंग्लंडच्या राजाने कुकचा करार पुढे मानलाच नाही आणि 1668 मध्ये वार्षिक 10 पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. या साऱ्या व्यवहारात इथल्या कोळी, भंडारी रहिवाशांना मात्र कुणीही विचारले नव्हते.