हंगेरीत बुडापेस्ट सोडून एखाद्या शांत, छोट्या गावात राहायचं असेल तर कुठे जावं? कंटाळा तर येणार नाही ना?

तुम्ही लिहिलंय की पानगळीच्या दिवसांत आईबाबांना घेऊन बुडापेस्टला येताय, तिथल्या गर्दीनंतर दोन-तीन दिवस एखाद्या शांत गावात काढायचेत, आई पूर्ण शाकाहारी आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, आणि तिथे बघण्यासारखं काही नसलं तर दिवस वाया जातील अशी धाकधूक आहे. माझं उत्तर एकच आहे: क्योसेगला जा, आणि तिथे मुक्काम करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं करू नका.

मी व्हिएन्नात राहते. जोडून सुट्ट्या आल्या की बरेचदा क्योसेगच गाठते, त्यामुळे हे ऐकीव नाही. नकाशावर शोधताना स्पेलिंग 'के-ओ-एस-झेड-ई-जी' असं टाका. हंगेरीच्या पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. वस्ती साधारण बारा हजारांच्या आसपास.

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून सोंबॉतहेयला (स्पेलिंग एस-झेडने सुरू होतं) थेट गाड्या आहेत, अडीच तासांच्या आसपास लागतात. तिथे उतरून क्योसेगची छोटी गाडी पकडायची. १८ किलोमीटरचा फाटा आहे आणि क्योसेग हे त्याचं शेवटचं स्टेशन. म्हणजे कुठे उतरायचं याची चिंता नाही. स्टेशन गावापासून जरा लांब आहे, सामान असेल तर राहण्याच्या ठिकाणी आधी कळवून ठेवा, बरेच लोक न्यायला येतात.

हा फाटा १८८३ साली सुरू झाला. त्याआधी १८६५ मध्ये शोप्रोन ते सोंबॉतहेय हा मुख्य लोहमार्ग झाला तेव्हा त्याने क्योसेगला वगळलं. व्यापार सोंबॉतहेयकडे गेला, कारखानेही बरेचसे तिकडेच उभे राहिले. मग पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० च्या त्रियानों तहाने सीमा गावाच्या दारात आणून ठेवली. ज्या खेड्यांतून बाजाराला माणसं यायची त्यातली बरीचशी ऑस्ट्रियात गेली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर इथे लोखंडी पडदाच आला, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यातली बंद सीमा. हा सगळा पट्टा कित्येक वर्षं सीमाक्षेत्र म्हणून बंद होता, बाहेरच्या माणसाला यायला परवाना लागायचा. तो पडदा १९८९ मध्ये उठला. तुम्हाला जी शांतता हवी आहे ती इथे अशी आली, तीन वेळा वाट अडवली गेली म्हणून. पण त्याच कारणाने जुनं गाव पाडून नवं बांधायची गरज कुणाला पडली नाही. आज मधल्या भागात फिरताना तीनशे-चारशे वर्षांची घरं दिसतात आणि त्यांत माणसं राहतात. खिडकीत कुंड्या, दारात सायकल, आत कुणीतरी रेडिओ लावलेला. पर्यटकांसाठी मांडून ठेवलेलं गाव नव्हे हे, आणि म्हणूनच मला ते इतकं आवडतं.

आता बघण्याबद्दल. इथे एक गोष्ट तुम्ही चुकवू नका: सकाळी अकरा वाजता युरिशिच चौकात असा. जगभर चर्चच्या घंटा दुपारी बाराला वाजतात. इथे अकरालाही वाजतात, रोज. कारण १५३२ सालचं आहे. ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमान प्रचंड सैन्य घेऊन व्हिएन्नाकडे निघाला होता आणि वाटेत हे गाव आलं. किल्लेदार मिक्लोश युरिशिच, मूळचा क्रोएशियन. त्याच्यापाशी मोजके शिपाई आणि आसऱ्याला आलेले गावकरी-शेतकरी, सगळे मिळून हजारही भरणार नाहीत. मोठ्या तोफा नाहीत. तरी ऑगस्टमधले जवळजवळ पंचवीस दिवस त्यांनी वेढा झुंजवला. शेवटी वजीर इब्राहिम पाशाशी बोलणी झाली, तटावर तुर्की निशाण नावापुरतं लावायचं ठरलं आणि सैन्य ३० ऑगस्टला निघून गेलं. सुलतान त्या वर्षी व्हिएन्नापर्यंत पोचलाच नाही. तुर्क अकराच्या सुमाराला हटले असं इथे मानतात, म्हणून घंटा अकराची.

मी अनेकदा त्या वेळी चौकातल्या बाकावर बसले आहे. घंटा सुरू झाली की भाजी घेऊन चाललेली आजीबाई थांबत नाही, कुणी मान वर करून बघत नाही, दुकानदार फळीवरचं सामान लावत राहतो. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीची आठवण इथे रोजच्या कामात मुरलेली आहे. मला ते कुठल्याही सोहळ्यापेक्षा मोठं वाटतं.

हाच युरिशिच चौक गावाचं काळीज आहे. दोन चर्च अगदी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. सेंट जेम्सचं जुनं, गॉथिक. शेजारचं सेंट एमेरिकचं सतराव्या शतकातलं. एवढ्याशा गावात शेजारी शेजारी दोन कशाला, तर त्या काळी जर्मन बोलणारे आणि हंगेरियन बोलणारे प्रोटेस्टंट वेगवेगळी प्रार्थना करायचे. चौकाच्या तोंडाशी जो उंच दरवाजा-मनोरा दिसतो तो जुना वाटतो, पण १९३२ चा आहे, वेढ्याला चारशे वर्षं झाली म्हणून उभारलेला. त्याच चौकात जुन्या औषधांच्या दुकानाचं छोटं संग्रहालय आहे: कोरीव लाकडी कपाटं, ओळीने लावलेल्या बरण्या. तुमच्या बाबांना बसत बसत बघता येईल असं आहे. शेजारच्या चेर्नेल रस्त्यावर घरं सरळ रेषेत नाहीत, प्रत्येक घर शेजारच्यापेक्षा हातभर पुढे, करवतीच्या दात्यांसारखी रांग. शत्रू गल्लीत शिरला तर कोपऱ्याआडून मारा करता यावा म्हणून अशी बांधली, असं गावात सांगतात.

किल्ला गावातच आहे, सपाटीवर. आपल्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्याला तो फारच लहान वाटेल, आणि याच भिंतींनी सुलतानाला अडवलं यावर विश्वास बसायला वेळ लागेल. बाबांना चढण नाही, एवढं मात्र छान.

पण मला विचाराल तर क्योसेगची सगळ्यात मोलाची वस्तू किल्ला नाही, एक वही आहे. 'द्राक्षकोंबांची वही' म्हणू या. १७४० पासून दर वर्षी २४ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, गावाभोवतालच्या मळ्यांतून द्राक्षवेलीचे कोवळे कोंब तोडून नगरपालिकेत आणतात आणि त्यांचं खऱ्या आकाराचं चित्र वहीत काढतात. कोंब किती वाढला, पानं फुटली की नाही, त्या वर्षीचं हवामान कसं होतं, हे शेजारी लिहितात. कुठल्या वर्षी टपोरा, पानं फुटलेला कोंब. कुठल्या वर्षी थंडीने आखडलेला, नुसतं डोळं उघडलेला. तापमापक जेव्हा गावोगावी नव्हते तेव्हापासूनची ही नोंद आहे, आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी हिच्यावरून त्या त्या वर्षीचा वसंत किती उबदार होता याचा अंदाज बांधला आहे. आपण शेतीच्या देशातली माणसं. शेतकऱ्यांनी आणि गावाने मिळून जवळपास तीनशे वर्षं एक नोंद चालू ठेवली, मधे युद्धं झाली, राज्यं बदलली, सीमा हलल्या, तरी ठेवली, हे ऐकून मला दर वेळी भरून येतं. किल्ल्यातल्या संग्रहालयात या वहीबद्दल आवर्जून विचारा.

गावात एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही आहे. १८५९ मधलं, विटांचं, गोल आकाराचं, दोन बुरूज असलेलं. शे नावाच्या इथल्याच धनाढ्य ज्यू कुटुंबातल्या गृहस्थाने स्वखर्चाने बांधलं. १९४४ मध्ये गावातल्या ज्यू लोकांना ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत नेलं, आणि मग ही वास्तू कित्येक दशकं ओस पडून होती. आता ती दुरुस्त केली आहे. आईबाबांना घेऊन जाताना ही गोष्ट टाळू नका असं मी सांगेन. या गावाच्या शांततेत ती माणसं नसणंही आहे.

तुम्हाला स्वतःला चालायची आवड असेल तर एक दिवस डोंगराला द्या. ईरोतक्यो हे शिखर ८८४ मीटरचं, डॅन्यूबच्या पश्चिमेकडच्या हंगेरीतलं सर्वात उंच. वर दगडी मनोरा आहे, त्याच्या मधून दोन देशांची सीमा जाते. लोखंडी पडद्याच्या काळात हंगेरियन माणसाला तिथे फिरकता येत नव्हतं. आता हंगेरीचा राष्ट्रीय 'निळा मार्ग', देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकराशे किलोमीटरहून लांब जाणारी पायवाट, इथूनच सुरू होतो. झाडांवर पांढऱ्यात निळी पट्टी रंगवलेली असते, ती धरून चालायचं. वाटेवर ठिकठिकाणी शिक्के ठेवलेले असतात, चालणारे आपापल्या पुस्तिकेत ते उमटवून घेतात. क्योसेगपासून वर जायला निवांत माणसाला अर्धा दिवस धरा. बाबांना हे जमणार नाही. त्यांच्यासाठी गावाजवळचं हेतफोराश, सात तोट्यांचा झरा, बरं. गाडीने जवळ जाता येतं आणि सावली भरपूर.

जेवणाचं नीट वाचा, कारण खरी अडचण तिथेच आहे. हंगेरियन स्वयंपाकात डुकराची चरबी कुठेही असू शकते. राजम्यासारख्या घेवड्याचं सूप दिसायला आपलं वाटेल, पण त्यात बहुधा धुरी दिलेलं मांस असतं. पोगाचॉ नावाची खारी छोटी बिस्किटं-पाव बेकरीत मोहात पाडतात, त्यांतही बरेचदा चरबी असते. म्हणून 'हूश नेलक्युल' (मांसाशिवाय) म्हणून थांबू नका, 'झीर' म्हणजे चरबी आहे का हेही विचारा. चालण्यासारखे पदार्थ असे: फ्योझेलेक, म्हणजे पालक, भोपळा, मसूर, बटाटा यांची दाटसर भाजी, ही आईंना सगळ्यात जवळची वाटेल, रांतोत शॉयत, म्हणजे तळलेलं चीज भाताबरोबर, तळलेले मशरूम, आणि आंबट चेरीचं थंडगार गोड सूप, जे जेवणाच्या सुरुवातीला देतात. लांगोश, तेलात तळलेली मोठी पुरीच ती, वर लसूण आणि सायीचं दही लावून. अंडंही चालत नसेल तर तळणाच्या आवरणाबद्दल विचारावं लागेल. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, एक वेळचं वरण-भात आपलं आपण करता येतं. इंग्रजीपेक्षा जर्मन जास्त चालते, कारण गावातली कितीतरी माणसं रोज सीमेपलीकडे कामाला जातात. चार शब्द लिहून ठेवलेली चिठ्ठी दाखवली की आचारी आपणहून मदत करतात.

गोड खायला मिठाईच्या दुकानात चेस्टनटचा लगदा मागा, वर साय घातलेला. या डोंगरउतारावर गोड चेस्टनटची झाडं आहेत, शेजारच्या वेलेम खेड्यात ऑक्टोबरमध्ये त्याचा उत्सवच भरतो. सप्टेंबरच्या शेवटी क्योसेगला द्राक्षतोडणीचा उत्सव असतो. तेव्हा गाव गजबजतं, वाद्यं असतात, इथली केकफ्रांकोश नावाची लाल वाइन वाहते. शांतताच हवी असेल तर तो शनिवार-रविवार टाळा आणि ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात या.

कंटाळ्याबद्दल सरळ सांगते. संध्याकाळी सातनंतर रस्ते रिकामे होतात, छोटी दुकानं शनिवारी दुपारीच बंद होतात, रविवारी बहुतेक उघडत नाहीत, संग्रहालयं सोमवारी बंद. तुम्हाला रोज नवीन काही 'करून' यायचं असेल तर इथे दुसऱ्या दिवशीच सुचेनासं होईल. आईबाबांबरोबर गप्पा मारत सावकाश फिरायचं असेल, बाकावर बसायचं असेल, अनोळखी म्हाताऱ्यांनी 'यो नापोत' म्हटल्यावर उलट नमस्कार करायचा असेल, तर तीन रात्रीसुद्धा कमी पडतात. मंगळवारी पोचा आणि शुक्रवारी निघा, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

पैसे फोरिंटमध्ये, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी लांगोशच्या टपरीसाठी थोडी रोकड ठेवा. खोलीच्या भाड्यावर माणशी थोडा पर्यटन कर वेगळा घेतात, त्याने दचकू नका. फरसबंदी ओबडधोबड आहे, बाबांना जाड तळव्याचे बूट हवेत. आणि पासपोर्ट कायम जवळ बाळगा, डोंगरावर जातानाही. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, तुमच्या एकाच व्हिसावर इकडून तिकडे जाता येतं, पण २०१५ पासून ऑस्ट्रियाने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि आपला चेहरा बघून विचारणा होण्याची शक्यता जास्त.