फुल डिस्टन्स ट्रायथलॉनमध्ये शेवटपर्यंत एकच ट्रायसूट घालावा की प्रत्येक टप्प्यावर कपडे बदलावेत?

बदला. पोहून आल्यावर आणि सायकलवरून उतरल्यावर, दोन्ही वेळा बदला, आतल्या कपड्यांसकट बदला, आणि कोणी हसलं तर हसू द्या.

तुमचा प्रश्न एवढाच असता तर मी वाचून पुढे गेले असते. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या ग्रुपमधले अनुभवी लोक म्हणतात, खरा ट्रायथलीट कपडे बदलत बसत नाही.’ हे वाक्य मी धुळ्यात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. आमच्याकडे ते एका सरांचं आहे. नाव नको, ग्रुपमधले सगळे ओळखतील. सर सायकल भारी चालवतात, लळिंगचा घाट सीटवरून न उठता चढतात, त्याबद्दल आदर आहेच. पण कपड्यांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र एका ओळीचं: ट्रायसूटमध्ये (पोहणं, सायकल, धावणं तिन्हीला चालणारा घट्ट सूट) पाण्यात शिरायचं, ट्रायसूटमध्येच मेडल घ्यायचं, मधला कपडे बदलायचा तंबू कच्च्या लोकांसाठी.

गोव्याची हाफ मी त्यांच्या सांगण्यावरून तशीच केली. 1.9 किलोमीटर समुद्र, 90 सायकल, 21.1 धावणं. निभलं. निभलं म्हणजे काय, तर ब्राच्या खालच्या पट्ट्याने बरगड्यांवर लाल गोल कोरून ठेवला होता आणि घरी आल्यावर बरेच दिवस मी नवऱ्याचे जुने सैल शर्ट घालून वावरत होते. सरांना सांगितलं, तर म्हणाले, व्हॅसलीन कमी पडलं असेल. पुरुषमाणसाला ओल्या स्पोर्ट्स ब्रावर अख्खा दिवस काढावा लागत नाही, त्यामुळे त्यांचं व्हॅसलीन नेहमी पुरतं.

फुल म्हणजे याच्या दुप्पट. 3.8 पोहणं, 180 सायकल, 42.2 धावणं. ताशी 24 च्या सरासरीने गेलात तरी सायकलवरच साडेसात तास. एवढा वेळ ओल्या कपड्यावर बसायचं आहे. ट्रायसूटचा पॅड पातळ असतो, कारण त्यात पोहायचं असतं आणि धावायचंही असतं. सायकलच्या शॉर्ट्सचा जाड पॅड बसायला चांगला, पण तो घालून पाण्यात गेलात तर स्पंजसारखं पाणी धरतो. म्हणजे तिन्हीला चालेल असा कपडा तिन्हीला थोडा थोडा वाईट असतो. तासा-दोन तासांच्या शर्यतीत कळत नाही. फुलमध्ये ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी जास्त घासली जाते, वरून समुद्राचं आणि घामाचं मीठ. एकदा साल निघाली की व्हॅसलीन लावून काही होत नाही, फक्त चटका बसतो.

आता मिनिटांचा हिशेब, कारण सरांचं सगळं मिनिटांवर चालतं. बहुतेक फुल शर्यतींना 17 तास मिळतात आणि तंबूतला वेळ त्यातच धरतात, घड्याळ थांबत नाही. दोन्ही वेळा मिळून 20 मिनिटं गेली समजा. मांड्या सोलल्यामुळे तुम्ही मॅरेथॉनमध्ये किलोमीटरमागे फक्त अर्धा मिनिट हळू झालात, तर 21 मिनिटं तिथेच गेली. आणि सोललेल्या मांड्यांनी कोणी अर्ध्या मिनिटावर थांबत नाही, सरळ चालायला लागतो.

पण 20 मिनिटं हे सरावानंतरचं. ओल्या अंगावर घट्ट कपडा चढवणं हे वेगळंच कसब आहे आणि ते मला कुठल्याही कोचने शिकवलं नाही, सासूबाईंनी शिकवलं.

माझं सासर शहाद्याकडे, तापीकाठी. सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे तिथे नदीला चांगला फुगवटा असतो. थंडीत आम्ही शेतावर गेलो होतो, तेव्हा ठरवलं की लांब पोहून बाहेर यायचं, तिथेच कपडे बदलायचे आणि सायकल काढून नंदुरबारपर्यंत जाऊन यायचं, घड्याळ लावून. दीर होडीवाल्याला घेऊन शेजारून चालले होते. (एकट्याने नदीत उतरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.) काठावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड सासूबाई आणि जाऊबाई चादर धरून उभ्या, माझा तंबू तोच. जाऊबाईंच्या मोबाईलवर स्टॉपवॉच.

बाहेर आले, ट्रायसूटचा टॉप ओढून काढला आणि घाईघाईत सायकलची जर्सी डोक्यातून घातली. ती खांद्याच्या खाली येईना. ओल्या पाठीवर तिची दोरीसारखी वळकटी झाली, एक हात आत, एक बाहेर. जाऊबाईंना हसू आवरेना, चादर हलायला लागली. सासूबाईंनी चादरीचं एक टोक दातात धरलं, मोकळ्या हाताने माझी पाठ खसाखसा पुसली आणि म्हणाल्या, “आंग पूस ना व माय पह्यले, मंग घाल.”

मग जे व्याख्यान झालं ते मी आजही पाळते. त्यांचं म्हणणं असं, की आमचं आयुष्य नदीवर आंघोळ करण्यात गेलं, काठावर गडी, गुरं, आल्यागेल्याची वर्दळ. तिथे कोणती बाई उघडी पडली का? परकर छातीवर बांधायचा, वरून खाली अंग पुसत यायचं, वरचं कोरडं आधी घालायचं, ते बसलं की मग खालचं ओलं सोडायचं. पाय सगळ्यात शेवटी, कारण पायाला माती. आणि पाय पुसल्यावर पुन्हा मातीत टेकवायचे नाहीत. हे सगळं त्या भरभर करून दाखवत होत्या, वयाच्या सत्तरीत, लुगड्यावरून. ट्रांझिशनवरचे (दोन टप्प्यांमधल्या बदलाबदलीचे) इतके व्हिडिओ पाहिले होते मी, ‘पाठ आधी’ एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी चार-पाचदा नदीत बुडी मारून बाहेर आले आणि बदलून बघितलं. शेवटी शेवटी वेळ निम्म्यावर आला. मग कोरड्या जाड शॉर्ट्सवर नंदुरबारला जाऊन आले. याच रस्त्याने मी आधी एकदा ओल्या ट्रायसूटवर गेले होते. हंगामात नंदुरबारच्या आसपास मिरच्यांच्या पथाऱ्या असतात, लालभडक, नजर पोचेल तिथपर्यंत. मांडीची साल निघालेली आणि पथारीवरून आलेला वारा. पुढचं तुम्ही समजून घ्या.

सासूबाईंच्या पद्धतीवरूनच मी तंबूत घ्यायच्या बॅगा भरते. जे आधी लागणार ते सगळ्यात वर. सायकलच्या बॅगेत वर छोटा पंचा (टर्किश टॉवेल नको, तो जागा खातो आणि कामाला जड), मग एक साइज मोठी जर्सी, मग कोरडी ब्रा, मग कमरेची पॅडवाली शॉर्ट्स, तळाला मोजे बुटांत खोचून, बुटांत चिमूटभर टाल्कम. ब्रा जर्सीच्या खाली का, तर माझा क्रम असा: जर्सी अंगावर ओढून घ्यायची आणि तिच्या आडोशाने आतलं बदलायचं. जर्सी पुढे पूर्ण उघडणाऱ्या चेनची आणि ब्रा पुढे हूक असलेली घ्या, नाहीतर हे जमणार नाही. ओली, डोक्यातून काढायची ब्रा म्हणजे दंडांना बेडीच. बिब-शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेल्या) बायकांनी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या तासांत लघवीला जावं लागणार, आणि दर वेळी जर्सी उतरवून खांद्याचे पट्टे सोडायचे म्हणजे वाचवलेली मिनिटं तिथेच गेली. एका तुकड्याच्या ट्रायसूटचंही तेच रडगाणं. पाळीच्या दिवसांत शर्यत आली तर बदलण्याबद्दल वाद घालायला कोणी येऊच नये.

घोट्याला टायमिंग चिप असते, तिच्यावरून ओली शॉर्ट्स ओढताना पट्टा सुटतो. बसून, हाताने पट्टा दाबून काढा. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) नसताना पिंडऱ्यांवरच्या कॉम्प्रेशन स्लीव्ह्ज, म्हणजे घट्ट बाह्या, पाण्यात चालत नाहीत, त्या घालायच्याच असतील तर तंबूत, आणि पिंडरी कडक कोरडी करून. हातांवरच्या स्लीव्ह्जचा नाद सोडा, ओल्या दंडावर त्या चढत नाहीत. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांची पातळ पांढरी जर्सी बरी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ती पाण्याने भिजवली की गारवा देते.

मलेशियातल्या लंकावीत मात्र हा खानदेशी हिशेब चालला नाही, ते सांगते. तिथली फुल नोव्हेंबरमध्ये असते. पाणी कोमट, वेटसूटचा प्रश्नच नाही. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. आपण मे महिन्यात 44 अंशांत सराव केलेला असतो, वाटतं की उन्हाचं आपल्याला काय. पण आपल्याकडे घाम उडून जातो आणि कपड्यावर मिठाची नक्षी उरते, तिथे तो तसाच अंगावर बसतो. म्हणजे टी-वनमध्ये (पोहून आल्यावरच्या बदलात) घातलेलं कोरडं थोड्या वेळात ओलं होणारच. तरीही बदलायचं, कारण घामाने ओला जाड पॅड वेगळा आणि समुद्राच्या पाण्याने जड झालेला पातळ पॅड वेगळा. टी-टूमध्ये, म्हणजे सायकलनंतर, तर सगळंच बदलायचं. धावताना पॅडची काही गरज नाही.

बायकांच्या तंबूत एक स्वयंसेवक मुलगी होती, तिने न विचारता पाठीमागून माझी जर्सी खाली ओढून दिली, अगदी सासूबाईंसारखी. टी-वन 11 मिनिटं, टी-टू 9. मॅरेथॉनला कोरडे मोजे, सैल शॉर्ट्स, नवी ब्रा. मधे पाऊस आला, तर स्पेशल नीड्सच्या बॅगेत (वाटेत मिळते ती स्वतःची बॅग) दुसरे मोजे ठेवले होते तेही बदलले. शेवटच्या किलोमीटरला पाय दुखत होते, श्वास लागत होता, पण कातडी कुठेही जळत नव्हती.

सर त्याच शर्यतीत होते. ते माझ्या तासभर आधी पोचले, हे खरं आहे, आणि ते त्यांनी विमानतळावर दोनदा सांगितलं. वर म्हणाले, “मॅडम, तंबूत बारा मिनिटं वाचवता आली असती.” बारा मिनिटं वाचवून मी काय करणार होते? माझ्या वयोगटात पहिली येणारी बाई माझ्या कितीतरी तास आधी आंघोळ करून जेवली होती. आणि सर हे बोलत होते ते उभ्यानेच. परतीच्या प्रवासात सीटबेल्टची खूण विझली की ते उठून मागे जाऊन उभे राहायचे. कारण मी विचारलं नाही. ग्रुपवर त्यांनी ‘पाठ धरली होती’ असं लिहिलंय.

मिलिंद सोमणने 2015 मध्ये झुरिकची फुल 15 तास 19 मिनिटांत पूर्ण केली, पन्नाशीला टेकलेला माणूस, त्याचा किती गाजावाजा झाला! तंबूत त्याची किती मिनिटं गेली हे कोणी विचारलं का? मी ग्रुपवर हे विचारलं, त्यावर उत्तर नाही, अंगठा आला.

आता अटी. हाफ असेल तर बदलू नका, मोजे तेवढे घाला. तिथे सर बरोबर आहेत, फक्त ब्रा नीट निवडा. वयोगटात नंबरात येण्याची खरी शक्यता असेल तर अर्थात ट्रायसूट. पोहण्याच्या 2 तास 20 मिनिटांच्या कटऑफला (त्यानंतर पुढे जाऊ देत नाहीत) अगदी काठावर बाहेर येणारे असाल, तर टी-वनमध्ये फक्त खालचं बदला, कारण पुढे सायकलचा कटऑफही तुमच्या मागे लागलेला असतो. युरोपातली थंड पाण्याची शर्यत असेल तर गणित वेगळं. पाणी 24.5 अंशांपर्यंत असलं तर वेटसूट सर्रास चालतो, पण आतला सूट भिजतोच, आणि ओल्या सूटवर थंड वाऱ्यात घाट उतरताना दात वाजतात. तिथे कोरडं घालणं हा सोयीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. पुरुषांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, पण स्तनाग्रांतून रक्त येऊन जर्सीवर दोन रेघा उमटलेले पुरुष मी पाहिलेत. त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल की बदलायचं नसतं.

प्रत्येक शर्यतीत बदलायचा तंबू असेलच असं नाही, आणि उघड्यावर कपडे काढले तर बाद करतात. लोक त्यासाठी टोपीवाला पॉंचो-टॉवेल मागवतात, महाग असतो. मी जुन्या सुती परकराची नाडी काढून इलॅस्टिक घातलंय. छातीवर ओढला की गुडघ्यापर्यंत सगळं झाकलं जातं, आत काय हवं ते बदला. घडी केली की मुठीत मावतो. मार्शल (नियम बघणारे पंच) बघत राहतात, पण हरकत कोणी घेतलेली नाही.

कोणत्या कंपनीचा ट्रायसूट घ्यावा, हे मला विचारू नका. माझा दोन तुकड्यांचा आहे आणि त्याचा उपयोग फक्त पाण्यात होतो, त्यामुळे स्वस्तातला घेतला. पैसे सायकलच्या शॉर्ट्सवर घाला. परकर शिवून घेणार असाल तर इलॅस्टिक दोन इंची सांगा, एक इंची छातीवर थांबत नाही.