पोरं घरात आहेत, पण हाती लागत नाहीत

आक्का, नमस्कार.

आम्ही वडगावात राहतो. हे उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी घरी ब्लाऊज, ड्रेस शिवते. मुलगा पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, सायन्स. मुलगी दहावीला, मराठी माध्यमात. मुलगा पाचला उठतो, यांची स्कूटर घेऊन सहाच्या ट्यूशनला टिळकवाडीत जातो, तिथनं कॉलेज, मग सीईटीचा क्लास. घरी यायला नऊ. ताट घेऊन खोलीत जातो ते साडेबारापर्यंत लाईट चालूच. काही विचारलं की "अभ्यास करालोय की" एवढंच उत्तर. मुलगी शाळेच्या कबड्डी संघात आहे. शाळा, प्रॅक्टिस, मग गणित-विज्ञानाची शिकवणी. रविवारी दोघांच्या टेस्ट. घराचं सीबीटी बसस्टँड झालंय ओ, एक आला की दुसरा निघाला. यंदा गणपतीत अकरा दिवसांत एकाही आरतीला आम्ही पाचजण एकत्र नव्हतो. सासूबाई हुक्केरीकडच्या, शिकल्या त्याही कन्नडात. दिवसभर सोप्यात कुणाची तरी वाट बघत बसतात.

मुलीला चाचणीत कन्नडात फार कमी पडले. हे म्हणतात, कन्नडाचं काय एवढं, पास झाली की झालं. पण कबड्डी आजपासून बंद, एवढं एक वर्ष जाऊ दे. संघ तालुक्याला जिंकलाय, आता जिल्ह्याला जायचंय. खेळ बंद म्हटलं की ती जेवत नाही. मी काय करू? आणि शिवणकाम वर्षभर बंद ठेवून पोरांकडं लक्ष देऊ का? दिवाळीच्या दोन-तीन ऑर्डरी मी आत्ताच नको म्हटल्यात.

— एक आई, वडगाव, बेळगाव

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ती तुमच्या मिस्टरांच्या वाक्यापाशी. एवढं एक वर्ष जाऊ दे. दहावी-बारावीच्या घरात हे कुणीतरी म्हणतंच, आणि काळजीपोटीच म्हणतं. पण जरा पुढचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीअखेर, मार्चमध्ये पीयूसीचे पेपर, त्यालाच लागून दहावीचे. एप्रिलमध्ये सीईटी. मुलगा मेडिकलची ‘नीट’ परीक्षा देणार असेल तर ती मे महिन्यात. मग कौन्सेलिंग, सीटची वाट बघणं, आणि जूननंतर तो कुठं असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. बेळगावात मिळाली तर उत्तमच. गोगटे इन्स्टिट्यूट तर तुमच्या मिस्टरांच्या उद्यमबागेतच आहे. नाहीतर हुबळी, बेंगळुरू, कोल्हापूर, पुणे, जिथं सीट तिथं जावं लागेल. तोवर मुलगी पीयूसी फर्स्ट इयरला पोचलेली असेल आणि तिची धावपळ नव्यानं सुरू होईल. म्हणजे हे वर्ष सरलं की सगळे निवांत एकत्र बसू, असं जे तुम्हा दोघांच्या मनात आहे, ते होणं कठीण आहे. तुम्ही पाचजण एका घरात राहताय असं हे कदाचित शेवटचं पूर्ण वर्ष असेल. म्हणून ते जाऊ देऊ नका, ताई. जे एकत्र करायचंय ते याच धावपळीत करा.

आता कबड्डी. ती बंद करू नका. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि बहुतेक सगळ्या दिवाळीच्या आगेमागे आटोपतात. संघ जिल्ह्यालाच थांबला तर तिचा खेळ काही आठवड्यांत आपसूक कमी होईल. पुढं गेला तर ती आयुष्यभर सांगेल असं काहीतरी तिच्या पदरात पडेल. त्यानंतरही पेपरला महिने उरतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरात दोन मुलं दमलेली आहेत. मुलाचा एखादा क्लास कमी करावा असं पत्रात कुठंच नाही. बंद करायची वेळ आली तेव्हा हात गेला तो मुलीच्या गोष्टीवर, तीही तिनं स्वतः निवडलेल्या एकुलत्या एका गोष्टीवर. हे तिला नक्की कळलंय. दहावीच्या पोरीला घरातला असा फरक सांगावा लागत नाही. ती जेवत नाही त्यात खेळाचं दुःख आहेच, पण हेही आहे. मिस्टरांशी बोलाल तेव्हा हा मुद्दा नीट मांडा. आणि ठरवायचं ते तिला समोर बसवून ठरवा, ती प्रॅक्टिसला गेली असताना नको.

काहीतरी कमी करायचंच असेल तर जिल्ह्याची मॅच होईपर्यंत तिची रविवारची टेस्ट सोडा. शिकवणीच्या सरांना तसं स्पष्ट सांगा, ऐकतात. दहावीचे 625 गुण कसे बनतात ते एकदा तिच्यासोबत कागदावर मांडा: पहिली भाषा 125, बाकीचे पाच विषय 100 चे. त्या प्रत्येक 100 मधले 20 शाळेकडून अंतर्गत मूल्यमापनाचे येतात, म्हणजे प्रोजेक्ट, वही, चाचण्या यांचे. मॅचच्या गडबडीत पोरींचे हे 20 निसटतात. तिच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते इथं. 2024 पासून बोर्डानं एकाच वर्षात पुन्हा परीक्षा देऊन चांगले गुण धरायची सोय केली आहे, तेव्हा मार्चचा पेपर म्हणजे जगाचा शेवट असं वातावरण घरात नको. तिला मात्र पहिल्याच परीक्षेची तयारी करू द्या.

आणि कन्नड. पास झाली की झालं, असं म्हणू नका. तो पेपरही गणिताइतकाच 100 चा आहे. सीमाप्रश्नाबद्दल आपल्या घराघरांत जे मत आहे ते आहे, ते मलाही ठाऊक आहे. पण पोरीच्या मार्कांना त्याची शिक्षा का? तिला याच भागात पुढं शिकायचंय, ऑफिसांत कागद भरायचेत.

शिवाय तुमच्या सोप्यात कन्नड शाळेत शिकलेली बाई दिवसभर रिकामी बसून आहे! हे वाचून मला खरोखर आनंद झाला. आपली मराठी माध्यमाची मुलं कन्नडात कुठं अडकतात ते सासूबाईंना बघताक्षणी कळेल. कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ अशी वेगवेगळी अक्षरं आहेत. मराठीत तो फरक नाही, त्यामुळं आपल्या मुलांच्या कानाला तो लागत नाही आणि लिहिताना तिथंच चुका होतात. दुसरी अडचण जोडाक्षरांची, कन्नडात दुसरं अक्षर खाली लटकवून लिहितात त्याची. हे नियम पाठ करून येत नाही. रोज वीसेक मिनिटं आज्जीनं धड्यातल्या ओळी सावकाश म्हणाव्यात, नातीनं लिहाव्यात, मग आज्जीनं चष्मा लावून तपासावं. कविता तर आज्जीच्या तोंडून ऐकली की निम्मी पाठ होईल. प्रॅक्टिसहून आल्यावर, शिकवणीला जायच्या आधी, चहा घेता घेता हे जमण्यासारखं आहे. पण सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका. मुलीला सांगा की तू विचार: "आज्जी, मला कन्नड शिकवतीस काय?" नातीनं विचारलं तर त्या हुरूपानं बसतील.

मुलाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तो गप्प आहे. साडेबाराला झोपतो, पाचला उठतो. साडेचार तास. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडं सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे उठणं जड जातं. त्याला आळस म्हणू नये. इतक्या कमी झोपेवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, चिडचिड मात्र राहते. "अभ्यास करालोय की" म्हणणाऱ्या पोराला खरंतर बोलायला जीवच उरलेला नाही.

एखाद्या रविवारी टेस्टहून आला की त्याच्याजवळ बसा आणि विचारा: सकाळच्या ट्यूशनला जो धडा होतो, तोच संध्याकाळच्या क्लासलाही होतो काय? पुष्कळ मुलांच्या बाबतीत एकच धडा कॉलेजात, ट्यूशनला आणि क्लासला असा तीनदा चाललेला असतो, आणि स्वतः बसून गणितं सोडवायला वेळच उरत नाही. तसं असेल तर सकाळची ट्यूशन थांबवा. सहाला उठू दे. सीईटीच्या मागं लागून कॉलेज सोडून चालणार नाही हेही त्याला ठाऊक असायला हवं. इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. बोर्डाचा अभ्यास नीट झाला तर तो दोन्हीकडं उपयोगी पडतो.

स्कूटरबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी जाणार नाही. मुलगा सेकंड इयरला म्हणजे 17 च्या आसपासचा. झोप अर्धी, पहाटेचा अंधार, पावसात निसरडा झालेला रस्ता, रेल्वेचं गेट पडायच्या आत पार व्हायची घाई. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. कायदा बाजूला ठेवला तरी पोरगा एकच आहे. सकाळची ट्यूशन बंद झाली की पहाटेचं जाणं आपोआप थांबेल. संध्याकाळी बस आहे, सायकल आहे, ज्या आठवड्यात बापाची शिफ्ट जुळेल तेव्हा बाप आहे. चावी उद्यापासून तुमच्याकडं ठेवा.

दोन आठवडे होऊनही तो असाच राहिला, जेवण तुटलं, आता काही होणार नाही असं बोलू लागला, तर मार्च होऊन जाऊ दे म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडं न्या. टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येतं, कन्नडातही. आधी तुम्ही फोन करून कसं बोलायचं ते विचारून घेतलंत तरी चालतं.

आता रात्रीच्या जेवणाचं. मिस्टरांची शिफ्ट बदलती असताना रोज पाचहीजण एका वेळी बसणं होणार नाही, तेव्हा तसा नियम करून रोज मोडू नका. मुलगा नऊला येतो तेव्हा जो घरात असेल तो त्याच्यासोबत बसेल, एवढंच ठरवा. सासूबाईंनी आधी जेवून घेतलं असलं तरी त्यांना तिथंच बसू दे. ताट खोलीत जाणार नाही. पहिल्या दिवशी तो कुरकुरेल, चालेल. जेवताना मार्क, टेस्ट, क्लास हे विषय नकोत. तुमच्याकडूनही नकोत, आणि हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जड जाणार आहे. मुलीला विचारा आज रेड कशी मारली, कुणाला पकडलं. भाऊ नक्की काहीतरी चिडवेल. चिडवू दे, लगेच मध्ये पडू नका. पंधरा मिनिटांत तो उठून खोलीत गेला तरी ती पंधरा मिनिटं झाली. दसऱ्याच्या सुट्टीत मिस्टरांची पहिली शिफ्ट येईल तो आठवडा बघा आणि त्यातली एक संध्याकाळ दोन्ही क्लासना आधी सांगून मोकळी ठेवा. कपिलेश्वराला जाऊन या, येताना कुंदा घ्या. मोठा बेत आखाल तर तो रद्दच होईल.

शेवटचा प्रश्न शिवणकामाचा. बंद करू नका. क्लासची फी काही प्रमाणात त्याच मशीनवरून येते, हे मुलांनाही ठाऊक आहे. दिवसभर घरात रिकाम्या हातानं फिरणारी, कोण आलं, कोण गेलं, पुस्तक उघडं आहे काय हे बघणारी आई दहावी-बारावीच्या पोरांना नको असते. आपापल्या कामात बसलेली आई जवळपास असली की त्यांना बरं वाटतं. शिवाय आईनं आमच्यासाठी काम सोडलं, हे ओझं निकालाच्या दिवशी त्या दोघांच्या डोक्यावर कशाला? काम जास्त असेल त्या दिवशी मुलगा स्वतः वाढून घेईल, मुलगी आज्जीला चहा करून देईल. दिवाळीच्या ज्या ऑर्डरी नको म्हटल्यात त्यांना उद्याच फोन करा आणि माप घ्यायला बोलवा.

तुमची,
आक्का